दुकानात चालतो, घरी बंद पडतो: वर्तकनगरमधल्या एका एडिटिंग पीसीचं प्रकरण

ठाण्यात वर्तकनगरला राहणारा एक तरुण लग्नाच्या फिल्म एडिट करतो. २०२४च्या दिवाळीत त्याने मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे भाग आणून नवा पीसी बांधून घेतला. थंडीतला लग्नांचा अख्खा हंगाम त्या मशीनने विनातक्रार काढला. मार्च २०२५ उजाडला आणि एक्स्पोर्ट, म्हणजे एडिट झालेल्या फिल्मची अंतिम फाइल बनवणं, चालू असताना ते मध्येच रीस्टार्ट व्हायला लागलं. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. चालता चालता स्क्रीन काळी आणि थोड्या वेळाने पुन्हा विंडोजची खूण.

त्याने कॅबिनेट उचलून दुकानात नेलं. तिथे रात्रभर टेस्ट लावली, काहीही झालं नाही. घरी आणल्यावर पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला दुकानदाराने स्वतःहून एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलून दिला, तरी फरक पडला नाही. आता मदरबोर्ड बदलून बघू, असं ठरत आलं होतं. बोर्ड वॉरंटीत पाठवायचा तर मशीन कधी परत हातात येईल याचा भरवसा नाही, नवा घ्यायचा तर दहा-बारा हजार रुपये, आणि एप्रिल-मेच्या मुहूर्तांच्या ऑर्डरी डोक्यावर. अशा वेळी प्रकरण माझ्याकडे आलं. ठाण्यात ओळखीच्या लोकांना पीसी निवडून द्यायला आणि बिघडला तर मार्गी लावायला मी मदत करतो.

उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो: कॅबिनेटच्या आतला एकही भाग खराब नव्हता. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण असे कितीतरी चांगले बोर्ड आणि चांगले एसएमपीएस केवळ संशयावरून बदलले जातात. पैसे जातात, वेळ जातो आणि मूळ दोष घरातच राहतो.

भागांची यादी

यादी मी केलेली नव्हती, पण ज्याने केली त्याला कामाची जाण होती. हा मुलगा सोनीच्या कॅमेऱ्यावर शूट करतो आणि एक्सएव्हीसी एचएस या प्रकारात रेकॉर्ड करतो. म्हणजे एच.२६५ ही व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, १० बिट, ४:२:२. रंगाची माहिती यात नेहमीच्या ४:२:०पेक्षा दुप्पट असते, त्यामुळे लग्नातल्या पिवळ्या-लाल झगमगाटात रंग दुरुस्त करायला हात मोकळा मिळतो. पण हे फुटेज उलगडणं मशीनला जड जातं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतल्या ग्राफिक कार्डांचा डिकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा भाग, ४:२:२ वाचत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स एच.२६५चं ४:२:२ वाचतं. आरटीएक्स ५० मालिकेत एनव्हिडियानेही ती सोय दिली, पण ती कार्डं २०२५च्या जानेवारीपासून बाजारात यायला लागली. दिवाळीत हातात असलेल्या पर्यायांत इंटेल घेणं शहाणपणाचं होतं.

त्यातही त्याने आय-फाइव्ह १४५०० घेतला. नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून अनेक जण तोच गळ्यात मारून घेतात. एफमध्ये अंगभूत ग्राफिक्स चालू नसतं, म्हणजे या कामासाठी जी गोष्ट हवी नेमकी तीच नसते. १४४०० आणि १४५०० यांच्यातही फरक आहे: १४५००मधल्या यूएचडी ७७० ग्राफिक्समध्ये व्हिडिओ उलगडणारी दोन इंजिनं असतात, १४४००च्या यूएचडी ७३०मध्ये एक. टाइमलाइनवर तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकाखाली एक लावणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. वेगळं ग्राफिक कार्ड लावल्यावर बरेच बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद ठेवतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर हा पर्याय चालू करावा लागतो. त्याच्या मशीनवर तो चालू होता. हे पाहूनच माझा त्या जुळणीवर विश्वास बसला.

बाकीची यादी अशी: बी७६० चिपसेटचा डीडीआर४ बोर्ड, १६ जीबीच्या दोन रॅम, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड, चालू प्रोजेक्टसाठी १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी, झालेली कामं ठेवायला ४ टीबीची हार्ड डिस्क आणि ६५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस. प्रोसेसर जोरात असताना १५४ वॅटपर्यंत खेचतो, कार्डाची मर्यादा १७० वॅट, बाकी सगळं मिळून पन्नासेक वॅट धरा. पावणेचारशेच्या आसपासच्या भाराला ६५० वॅट पुरून उरतात. ८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमतेबद्दल बोलतो, आतल्या मालाच्या दर्जाबद्दल नाही. तो शिक्का बघून निर्धास्त होणारे मी खूप पाहिलेत. हा एसएमपीएस मात्र खरोखर चांगल्या बनावटीचा होता.

यादीत यूपीएसची ओळच नव्हती. जुन्या पीसीचा ६०० व्हीएचा यूपीएस घरात होता, तोच ठेवला गेला.

तीन संशय आणि ते का टिकले नाहीत

पहिला संशय उष्णतेचा. मार्च महिना, ठाण्याचा दमट उकाडा आणि तिसऱ्या मजल्यावरची पश्चिमेची खोली, तेव्हा कोणालाही हेच सुचणार. पण आजचे प्रोसेसर गरम झाले म्हणून असे फटकन बंद पडत नाहीत. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोचला की तो आपला वेग उतरवतो, एक्स्पोर्टला वेळ जास्त लागतो आणि पंखा ओरडायला लागतो. थेट बंद होण्याची वेळ त्याच्याही बऱ्याच पुढे येते आणि ती सहसा कूलर सुटलेला असेल तरच येते. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक्स्पोर्टच्या वेळी आकडा ऐंशीच्या थोडा वर दिसत होता. ठीक होतं.

दुसरा संशय रॅमचा. रॅमचा दोष असा गपगुमान येत नाही. तो निळी स्क्रीन आणतो, एडिटिंगचं प्रीमियर मध्येच मिटतं, एखादी फाइल उघडत नाही, झिप खराब निघते. यातलं काहीच घडलं नव्हतं. तरी रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवलं, एकही चूक निघाली नाही. दोन्ही रॅम योग्य खाचांत, म्हणजे प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत होत्या. एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून पाहिलं, तरी रीस्टार्ट थांबले नाहीत.

तिसरा संशय जास्त चिवट होता, कारण त्यामागे खरी बातमी होती. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. २०२४च्या ऑगस्टमध्ये इंटेलने त्यासाठी ०x१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०x१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) दिले आणि बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मित्रमंडळींनी ‘चौदावी पिढी घेतलीस, आता भोग’ असं म्हणून त्याला पार घाबरवून सोडलं होतं. पण वाढीव वॉरंटीच्या यादीत आय-फाइव्हमधले के मॉडेल आहेत, म्हणजे १३६००के, १४६००के आणि त्यांची केएफ भावंडं, आणि त्यांच्या वर आय-सेव्हन, आय-नाइन. १४५०० त्यात नाही. शिवाय तो दोष असेल तर प्रोग्रॅम कोसळतात, विंडोजच्या नोंदींत व्हीया-लॉगर नावाने हार्डवेअरच्या चुका दिसतात. इथे तशी एकही नोंद नव्हती.

मशीनने स्वतः काय लिहून ठेवलं होतं

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मी नेहमी नोंदी वाचतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक रीस्टार्टपाशी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद होती. ही नोंद पाहिली की लोक लगेच एसएमपीएस गेला असं म्हणतात. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. मात्र नोंद उघडून तपशील पाहिला तर त्यात बगचेक-कोड असा आकडा असतो. विंडोज स्वतः कोसळलं असेल, तर बहुतेक वेळा तिथे काहीतरी आकडा सापडतो आणि मिनीडंपच्या फोल्डरमध्ये एक फाइलही पडलेली असते. इथे आकडा दर वेळी शून्य आणि फोल्डर रिकामं. म्हणजे विंडोजला शेवटचा शब्द लिहायलाही वेळ मिळाला नव्हता.

पुढची खूण मला फार आवडते आणि ती फारसं कोणी बघत नाही. एनव्हीएमई एसएसडी स्वतःची एक वही ठेवतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडला की त्यात ‘अनसेफ शटडाउन्स’ अशी एक ओळ दिसते. आधी इशारा न मिळता ड्राइव्हची वीज गेली की हा आकडा एकाने वाढतो. निळी स्क्रीन येऊन मशीन पुन्हा सुरू झालं, तर ड्राइव्हची वीज सहसा चालूच असते आणि आकडा जागचा हलत नाही. मी त्याला तो आकडा एका कागदावर लिहून ठेवायला सांगितलं. पुढचा रीस्टार्ट झाला तेव्हा आकडा एकाने पुढे गेला होता. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच.

इथे अर्धं प्रकरण सुटलं. मशीन रीसेट होत नव्हतं, त्याची वीज जात होती. रॅम, प्रोसेसर, विंडोज, ड्रायव्हर हे सगळे एका झटक्यात बाजूला झाले. उरले ते फक्त विजेच्या वाटेवरचे भाग: बोर्ड, एसएमपीएस, त्याची पॉवर केबल, यूपीएस आणि भिंतीतला पॉइंट. एसएमपीएस तर आधीच बदलून झाला होता.

आणखी एक लहान उपाय केला. बायोसमध्ये वीज गेल्यावर परत आली तर मशीनने काय करावं, याची एक सेटिंग असते. ती ‘मागच्या स्थितीत जा’ अशी होती, म्हणून वीज परतताच मशीन आपोआप सुरू व्हायचं आणि बघणाऱ्याला तो रीस्टार्ट वाटायचा. ती मी ‘बंद राहा’ अशी केली. त्यानंतर घटना घडली तेव्हा मशीन बंदच राहिलं. ही पक्की साक्ष नव्हे, बोर्डाबोर्डागणिक वागणं थोडं वेगळं असतं, पण दिशा तीच होती.

काकूंनी सांगितलेली गोष्ट

मी त्याच्याकडे बसून केबली तपासत होतो तेव्हा त्याची आई चहा घेऊन आली. मी सहज विचारलं, ‘काकू, हे मशीन बंद पडतं तेव्हा घरात आणखी काय होतं?’

‘घरात कशाला काय होईल?’ त्या म्हणाल्या. मग थांबून, ‘वायफाय जातं मात्र. मी मोबाइलवर मालिका बघत असते, ती अडकते. याला म्हटलं तर म्हणतो, आई, मी आधीच वैतागलोय, तुझं वायफाय नंतर बघू.’

राउटर त्याच यूपीएसवर होता. कॅबिनेटच्या आत काहीही बिघडलं असतं, तरी राउटरला त्याची खबर लागायचं कारण नव्हतं. दोघेही एकाच क्षणी जात असतील, तर दोघांच्या अलीकडे जे आहे तिथेच बघायला हवं. अलीकडे यूपीएस होता, टेबलाखाली, पडद्यामागे. मुलगा हेडफोन लावून काम करायचा, त्यामुळे यूपीएसचं कुंई-कुंई त्याच्या कानांवर कधी आलंच नव्हतं. आणि दुकानात काय जायचं? फक्त कॅबिनेट. यूपीएस कधी घराबाहेर पडलाच नाही.

मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची चाचणी हीच वाटते, की त्या क्षणी घरात दुसरं काय घडलं हे माणसांना विचारणं. कुठलंही सॉफ्टवेअर हे सांगत नाही.

स्विच बंद करून बघणं

संशय पक्का करायला एक सोपा प्रयोग केला. सगळी कामं सेव्ह करून, चालू प्रोजेक्टची दुसरी प्रत उघडली. मशीन नुसतं चालू असताना यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद केला. यूपीएस बॅटरीवर गेला, मशीन व्यवस्थित चालू राहिलं. स्विच परत चालू केला, एक्स्पोर्ट लावला, तो निम्म्यावर आला तेव्हा पुन्हा स्विच बंद केला. त्याच क्षणी स्क्रीन काळी, राउटरचे दिवे गेले आणि यूपीएस ओरडायला लागला.

हा प्रयोग करणाऱ्यांनी प्लग उपटू नये, स्विचच बंद करावा. प्लग उपटला की अर्थिंगही सुटतं. स्विच बंद केला तर फक्त फेज तुटते.

मग उलटा प्रयोग. यूपीएस मधून काढला, पीसी थेट भिंतीला लावला आणि तो काही दिवस तसाच चालवला. मोठमोठे एक्स्पोर्ट झाले, एकदाही बंद पडला नाही.

यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं आणि लोक ते वॅट समजतात. त्याच्या मागच्या पट्टीवर खरी क्षमता ३६० वॅट होती. प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर मोजलं तर मशीन नुसतं चालू असताना साठेक वॅट घेत होतं आणि एक्स्पोर्टला, दोन मॉनिटर व राउटर धरून, ३१०च्या आसपास. मग ३६०मध्ये बसायला काय हरकत होती?

हरकत बॅटरीची होती. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एकच बॅटरी. इन्व्हर्टरमधली तूट धरली तर ३१० वॅट देण्यासाठी तिच्यातून सुमारे ३० अँपिअर काढावे लागतात. या बॅटरीवर छापलेले ७ अँपिअर-तास हे वीस तासांत सावकाश वापरल्यास मिळतात, म्हणजे ०.३५ अँपिअरच्या दराने. आपण तिच्याकडे त्याच्या पंच्याऐंशी पट मागत होतो. नवी बॅटरी हे काही मिनिटं सोसते. ही चार वर्षांची होती. अशा सीलबंद बॅटऱ्यांचं आयुष्य साधारण दोन ते चार वर्षांचं असतं आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ते निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. टेबलाखाली, पडद्यामागे, हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात तिची काय अवस्था झाली असेल! भार पडताच तिचं व्होल्टेज कोसळायचं आणि यूपीएस हात टेकायचा. जुना पीसी शंभर वॅटसुद्धा घेत नव्हता, म्हणून बॅटरी मेली आहे हे घरात कोणाला कळलंच नव्हतं.

एसएमपीएस स्वतः वीज गेल्यावर क्षणभर तग धरतो. एटीएक्सच्या मानकानुसार पूर्ण भारावर ही वेळ १७ मिलिसेकंदांच्या आसपास असावी लागते, नव्या मानकात पूर्ण भारावर १२. यूपीएसला बॅटरीवर जायला ४ ते १० मिलिसेकंद लागतात. एवढ्या फटीत चांगला एसएमपीएस आरामात निभावतो. पण बॅटरीवर गेल्यावर तिथे काहीच हाती लागलं नाही, तर तो तरी काय करणार?

मार्चमध्येच का?

दिवे तर गेले नव्हते. मग यूपीएस बॅटरीवर जात का होता? इव्हेंट व्ह्यूअरमधल्या वेळा कागदावर उतरवल्या तर बहुतेक रात्री दहा ते साडेअकराच्या दरम्यान होत्या, आणि काही रविवारच्या दुपारी. वेळा बघून वडील म्हणाले, ‘ही तर माझी एसी लावायची वेळ.’

नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या घरात एसी लागलाच नव्हता. म्हणून मशीन दिवाळीपासून नीट चाललं आणि म्हणूनच ‘इतके महिने चाललं म्हणजे घरची वीज ठीक आहे’ असं सगळे धरून चालले. दीड टनाचा जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी. त्याचा कॉम्प्रेसर उचलताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. संध्याकाळनंतर पॉइंटवर मुळात २१० व्होल्टच्या आसपास मिळत होते. कॉम्प्रेसर उचलला की मीटरच्या किमान नोंदीत आकडा १७०च्या घरात जायचा आणि ट्यूबलाइट लपकायची. इतका अचानक खड्डा पडला की हा यूपीएस वीज गेली असं समजून बॅटरीकडे वळायचा. त्या वेळी एक्स्पोर्ट चालू नसेल तर कोणाला काही कळत नसे. एक्स्पोर्ट चालू असेल तर सगळं संपलं.

नव्या यूपीएसने काम भागलं असतं, पण चाळीस व्होल्टचा खड्डा मला स्वस्थ बसू देईना. मी त्यांना परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवायला लावला. इमारत जुनी, वायरिंगही जुनं. एमसीबीच्या डब्यात न्यूट्रलच्या पट्टीवरचा एक स्क्रू ढिला झाला होता आणि त्याखालची वायर काळी पडून तिचं इन्सुलेशन वितळलं होतं. एसीची लाइन स्वतंत्र नव्हती, त्याच खोलीच्या सर्किटमधून काढलेली होती. पीसीपेक्षा हे कितीतरी गंभीर होतं. असा सांधा आधी तापतो, मग जळतो, आणि आग लागते ती माणसं झोपलेली असताना. इलेक्ट्रिशियनने जळलेला भाग कापून वायर नव्याने बसवली आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन वेगळ्या एमसीबीवर ओढून दिली. त्यानंतर कॉम्प्रेसर उचलताना व्होल्टेज जेमतेम पाच-सहाने हललं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट निघाली. मुलगा म्हणाला होता, ‘दादा, अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.’ हे ऐकलं की मी बाकी सगळं थांबवतो. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते फेज व न्यूट्रल दोन्हींकडून बाहेरच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो सूक्ष्म करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. चांगल्या पॉइंटवर फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळपास सारखं येतं, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. इथे अर्थचा आकडा भलताच भरकटत होता. बोर्ड उघडल्यावर दिसलं की अर्थची हिरवी वायर पॉइंटपर्यंत आलेली होती, पण कशालाच जोडलेली नव्हती. रीस्टार्टशी याचा संबंध नव्हता, तरी ते तसं सोडून येणं शक्यच नव्हतं. हे माप घेण्याचं काम ज्याला मीटर वापरता येतो त्यानेच करावं. बाकीच्यांनी इलेक्ट्रिशियनला ‘अर्थिंग मोजून दाखवा’ असं स्पष्ट सांगावं.

काय घेतलं, काय ठेवलं

मदरबोर्डचा विचार सोडून दिला. ११०० व्हीए, ६६० वॅटचा लाइन-इंटरॅक्टिव्ह, म्हणजे व्होल्टेजचे लहान चढउतार बॅटरीविना सावरणारा, यूपीएस घेतला. त्यात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक, म्हणजे २४ व्होल्टवर जोडलेल्या होत्या. तेवढ्याच भाराला करंट निम्मा लागतो आणि बॅटरीवरचा ताण तेवढाच हलका होतो. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, घ्यावा का, यावर बराच खल झाला. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात आणि ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस त्यावर रुसतात. त्याच्या बजेटमध्ये प्युअर साइन बसत नव्हता. म्हणून दुकानदाराशी आधीच बोलून ठेवलं की घरी पूर्ण भारावर स्विचची चाचणी करू, नापास झाला तर परत देऊ. एक्स्पोर्ट, मॉनिटर आणि हार्ड डिस्कवर फाइल कॉपी, असं सगळं एकदम चालू ठेवून स्विच बंद केला. पास झाला. दुसरा मॉनिटर आम्ही यूपीएसवरून काढून थेट भिंतीला लावला, कारण वीज गेल्यावर काम सेव्ह करायला एक स्क्रीन पुरते.

यूपीएसची यूएसबी केबल पीसीला जोडून, बॅटरीवर गेल्यावर दोन मिनिटांत मशीन आपोआप रीतसर बंद व्हावं असं लावून दिलं. ही केबल खोक्यातच पडून राहते, बहुतेकांना ती कशासाठी आहे हेही माहीत नसतं. जुन्या यूपीएसमध्ये नवी बॅटरी टाकून तो काकूंच्या राउटरला दिला. एवढ्याशा भारावर तो कितीतरी वेळ पुरतो. दोन्ही यूपीएसच्या बॅटऱ्यांवर मार्करने महिना आणि वर्ष लिहिलं. दर सहा महिन्यांनी एक्स्पोर्ट चालू ठेवून स्विच बंद करायचा, हेही ठरलं.

निघताना वडिलांनी विचारलं, की घरभर एक इन्व्हर्टर बसवला असता तर हा यूपीएस लागला असता का? प्रश्न चांगला होता, कारण पावसाळ्यात वीज गेली की सगळ्यांनाच तो पडतो. घरच्या इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला साध्या मोडमध्ये बरेचदा वीस मिलिसेकंदांहून जास्त लागतात आणि तेवढ्यात एसएमपीएसचा दम संपतो. अनेक मॉडेलांच्या मागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो लावला तर हा वेळ दहाच्या आसपास येतो. तेव्हा प्युअर साइन वेव्हचा, पुरेशा क्षमतेचा आणि यूपीएस मोड असलेला इन्व्हर्टर असेल तर पीसी त्यावर चालतो. पंखे, दिवे, फ्रिज यांचा भार मात्र त्याच बॅटरीवर येतो, तो धरून हिशेब करायचा. त्यांच्या घरात मोठी बॅटरी ठेवायला हवा खेळणारी जागा नव्हती, गॅलरी बंद करून खोलीत घेतलेली. म्हणून यंदा यूपीएसच राहू द्यायचं ठरलं.